एनएफएल ड्राफ्टचा अंदाज कसा बांधायचा: ३२ नावांचा कागद, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

दरवर्षी मार्च लागला की ओळखीतल्या दोन-तीन जणांचे मेसेज येतात, की यंदा ऑफिसच्या मॉक ड्राफ्टमध्ये नाव दिलंय, कुठून सुरुवात करू सांग. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, ड्राफ्ट म्हणजे तिच्या टीमनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणं, आणि मॉक ड्राफ्ट म्हणजे कोण कोणाला घेईल याचा आधीच मांडलेला अंदाज. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून काढावं. मी मिशिगनमध्ये राहतो आणि गेली बरीच वर्षं न चुकता पहिल्या फेरीच्या ३२ नावांचा स्वतःचा कागद बनवतो, दुसऱ्या कोणाचा बघून नाही, आणि ड्राफ्ट झाल्यावर तो तपासतोही. त्यातून जे हाती लागलं ते सगळं इथे आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. कॉलेजमधला सगळ्यात भारी खेळाडू कोण, हा इथे प्रश्नच नाहीये. प्रश्न हा आहे की अमुक टीमच्या ऑफिसात बसलेली चार-पाच माणसं, त्यांच्या हातात असलेल्या नंबरवर, त्या दिवशी कोणाला उचलतील. म्हणजे अभ्यास खेळाडूंचा कमी आणि टीमचा जास्त. आयपीएलच्या लिलावासारखं इथे पैसे लावून कोणी कोणाला ओढू शकत नाही, नंबर येईल तेव्हाच घ्यायचं, त्यामुळे "हा आपल्यापर्यंत उरेल का" ही धाकधूक प्रत्येक टीमला असते आणि निम्मे निर्णय त्या धाकधुकीतून होतात.

आधी नियम, पटकन

सात फेऱ्या, ३२ टीम, एकूण २५० च्या वर पिक (खेळाडू निवडायच्या पाळ्या), एप्रिलच्या शेवटी तीन दिवस. गुरुवारी रात्री पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी, शनिवारी बाकीच्या. भारतातून बघणाऱ्यांसाठी गुरुवारची फेरी म्हणजे शुक्रवारी पहाटे साडेपाच.

क्रम असा लागतो: प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) न गेलेल्या टीमना १ ते १८, सगळ्यात वाईट रेकॉर्डवाली आधी. रेकॉर्ड सारखा असेल तर ज्या टीमच्या वाट्याला सोपे प्रतिस्पर्धी आले होते तिचा नंबर आधी. पुढे प्लेऑफमध्ये जी जितकी उशिरा हरली तितकी ती मागे, सुपर बोल म्हणजे अंतिम सामना हरणारी ३१ आणि जिंकणारी ३२. नंतर ट्रेडमुळे, म्हणजे टीमनी आपसात पिक किंवा खेळाडूंची अदलाबदल केल्यामुळे, हा क्रम बदलत राहतो, म्हणून कागद बनवायला बसाल तेव्हा कोणता पिक आता कोणाच्या नावावर आहे ते ताजं बघून घ्या. मी एका वर्षी जानेवारीतला क्रम तसाच वापरला आणि एका टीमला तिच्याकडे नसलेला पिक दिला.

खेळाडूसाठी अट एकच, शाळा संपून तीन वर्षं झाली पाहिजेत. पण ज्यांची कॉलेजची वर्षं शिल्लक आहेत ते साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत नाव देतात किंवा परत कॉलेजला जातात, आणि २०२१ पासून कॉलेजच्या पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मोकळीक मिळाल्यापासून बरेच जण परत जातात. त्यामुळे डिसेंबरात केलेली यादी जानेवारीच्या शेवटी पुन्हा चाळायलाच लागते.

प्रत्येक टीमचा एक कागद

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि खरे मार्क इथेच मिळतात. ३२ टीम, प्रत्येकीला अर्धं पान. त्यावर लिहायचं: जनरल मॅनेजर कोण आणि किती वर्षं आहे, कोच नवीन की जुना, कोणाचा करार संपला, कोणाचा पुढच्या वर्षी संपतोय, तिशी ओलांडलेले कोण, आणि मार्चमध्ये बाजारातून कोणाला आणलं. हा करार संपलेल्या खेळाडूंचा मार्चचा बाजार म्हणजे फ्री एजन्सी झाल्याशिवाय कागद भरूच नका, कारण फेब्रुवारीत जी टीम कॉर्नरबॅकसाठी (बॉल झेलणाऱ्याला अडवणारा बचावपटू) तडफडत असते ती मार्चमध्ये दोन कॉर्नरबॅक घेऊन मोकळी होते.

एक उदाहरण जवळून बघू, २०२४ ची लॉस एंजेलिसची चार्जर्स टीम, नंबर ५. मार्चमध्ये त्यांनी कीनन ॲलनला शिकागोला देऊन टाकलं आणि माइक विल्यम्सला सोडलं, म्हणजे दोन्ही मोठे रिसीव्हर, बॉल झेलणारे, गेले. जस्टिन हर्बर्टसारखा बॉल फेकणारा क्वार्टरबॅक आहे आणि बॉल फेकायचा कोणाकडे? त्यामुळे बहुतेक लोकांनी डोळे झाकून मलिक नेबर्स लिहिला, मीसुद्धा पहिल्या कागदावर तोच लिहिला होता. नंतर टीमचं अर्धं पान परत वाचलं. कोच नवीन, जिम हारबॉ, नुकताच मिशिगन कॉलेजला राष्ट्रीय विजेतेपद देऊन आलेला. आम्ही त्याला इथे नऊ वर्षं बघितलंय, त्याचं सगळं फुटबॉल पुढच्या लाईनवर उभं असतं, धक्का मारून धावायचं. आक्रमणाचा कोच आणला तो ग्रेग रोमन, तोही धावण्याच्या खेळाचा माणूस. डाव्या टॅकलच्या (लाईनच्या टोकाला उभा राहून क्वार्टरबॅकला सांभाळणारा) जागी रशॉन स्लेटर आधीपासून होता म्हणून लोक म्हणत होते की टॅकल कशाला, पण उजवी बाजू कच्ची होती. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, त्या वर्षी रिसीव्हर ढिगाने होते, दुसऱ्या फेरीतही चांगला मिळणार हे स्पष्ट होतं, पण जो ऑल्टसारखा सहा फूट आठ इंचांचा टॅकल दुसऱ्या फेरीत मिळत नाही. मी खोडून ऑल्ट लिहिला. त्यांनी ऑल्टच घेतला, आणि दुसऱ्या फेरीत ३७ वरून ३४ वर सरकून लॅड मकाँकी हा रिसीव्हर घेतला.

यातून धडा असा, की टीमला "काय कमी आहे" एवढं लिहून भागत नाही. ती कमी कोणत्या फेरीत स्वस्तात भरून निघेल हे शेजारी लिहा. कमी आहे पण बाजारात माल भरपूर आहे, तर पहिल्या फेरीत घाई नाही.

टीमच्या सवयीही लिहा, पण पेन्सिलने. ग्रीन बेने २००२ मध्ये जॅव्हन वॉकर घेतल्यावर पुढे वीसहून जास्त वर्षं पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतलाच नाही, आणि आम्ही सगळे दरवर्षी "ग्रीन बे रिसीव्हर घेत नाही" म्हणून पुढे जायचो. मग २०२५ चा ड्राफ्ट ग्रीन बेलाच भरला आणि घरच्या प्रेक्षकांसमोर २३ व्या नंबरवर त्यांनी मॅथ्यू गोल्डन हा रिसीव्हर घेतला. दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाचं बघा, २०२२ ला जॉर्जिया कॉलेजचे जॉर्डन डेव्हिस आणि नकोबी डीन, २०२३ ला परत जॉर्जियाचेच जेलन कार्टर आणि नोलन स्मिथ. सवय ही पारडं थोडं झुकवायला वापरा, निकाल द्यायला नको.

खेळाडूंची यादी: क्रमांक नको, थर लावा

१ ते १०० अशी क्रमवारी लावत बसू नका. साधारण ५० नावं घ्या आणि थर करा: पहिल्या दहात नक्की जाणारे, पहिल्या फेरीत नक्की जाणारे, पहिली-दुसरी यांच्या सीमेवरचे. बारा-पंधरा जाणकारांच्या याद्या घेऊन सरासरी काढली की पहिल्या दोन थरांचं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. तिसरा थर अवघड, २५ च्या पुढचे पिक तिथूनच भरायचे असतात आणि तिथे एकेका जागेला चार-चार दावेदार असतात.

पोझिशनचं वजन लक्षात ठेवा. क्वार्टरबॅक, त्याला सांभाळणारा टॅकल, त्याच्यावर तुटून पडणारा एज रशर, कॉर्नरबॅक आणि रिसीव्हर, हे पाच वर सरकतात, कारण बाजारात यांचे पगार प्रचंड असतात आणि ड्राफ्टमधून तोच माणूस चार वर्षं ठरलेल्या स्वस्त करारात मिळतो. गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा), सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू), मधला लाइनबॅकर (बचावाच्या लाईनमागचा), रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) हे तुमच्या यादीत कितीही वर असले तरी पाच-दहा जागा खाली धरा. अपवाद असतातच, २०२३ ला बिजान रॉबिन्सन आठवा आणि २०२५ ला ॲश्टन जेंटी सहावा गेला, दोघेही रनिंग बॅक, पण असा अपवाद वर्षात एखादाच मांडा.

क्वार्टरबॅकचा हिशोब वेगळा करा

इतर पोझिशनमध्ये खेळाडू हळूहळू घसरतो, क्वार्टरबॅक मात्र दगडासारखा खाली येतो. ही संगीत खुर्ची आहे. ज्या टीमकडे खुर्ची रिकामी आहे तिने घेतलं नाही तर पुढच्या टीमला तो नकोच असतो, कारण एका वेळी एकच जण खेळतो. म्हणून आधी खुर्च्या मोजा, मग पोरं मोजा.

२०२४ ला खुर्च्या डोळ्यांना दिसत होत्या. शिकागोने मार्चमध्ये जस्टिन फील्ड्सला पिट्सबर्गला पाठवलं तेव्हाच केलेब विल्यम्स पहिला जाणार यावर शिक्कामोर्तब झालं, वॉशिंग्टन आणि न्यू इंग्लंड रिकामे, मिनेसोटाचा कर्क कझिन्स अटलांटाला गेलेला, डेन्व्हरने रसेल विल्सनला सोडलेलं. पाच खुर्च्या. पण पहिल्या १२ पिकमध्ये गेले सहा! सहावी खुर्ची अटलांटाने टाकली, ज्यांनी महिन्याभरापूर्वी कझिन्सला चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरपर्यंतचा करार दिला होता, आणि आठव्या नंबरवर घेतला मायकल पेनिक्स ज्युनियर.

तो ड्राफ्ट आमच्या डेट्रॉईटला होता, तीन दिवसांत पावणेआठ लाखांच्या आसपास माणसं आली होती, आणि मी गुरुवारी त्या गर्दीत घडी घातलेला कागद हातात घेऊन उभा होतो. पेनिक्सचं नाव पुकारल्यावर ओरडा झाला नाही, आधी एक मोठा "हं?" असा आवाज आला आणि मग सगळे शेजारच्याकडे बघायला लागले. माझ्या शेजारचा अटलांटाचा जर्सी घातलेला मुलगा फोनवर परत परत तेच पान रिफ्रेश करत होता, बहुतेक चूक झाली असेल या आशेने. मी घरी येऊन अटलांटाचं अर्धं पान काढलं. कझिन्स ३५ वर्षांचा, ऑक्टोबरमध्ये टाचेची शीर तुटलेली, आणि आता चांगली टीम झाली तर इतका वरचा नंबर पुन्हा मिळणार नाही, हे तिन्ही मुद्दे मीच लिहून ठेवले होते. फक्त त्यावरून उत्तर काढलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक टीमसमोर एक प्रश्न लिहितो: "क्वार्टरबॅकचं वय किती, आणि दोन वर्षांनी कोण?"

उलट बाजू २०२५ ची, शेडूर सँडर्स. कित्येक याद्यांत तो पहिल्या फेरीत होता. पण खुर्च्या मोजल्या तर टेनेसीला कॅम वॉर्ड हवा होता हे उघड होतं, क्लीव्हलँड दुसऱ्या नंबरवरून मागे सरकलं, न्यूयॉर्क जायंट्सनी मार्चमध्येच रसेल विल्सन आणि जेमिस विन्स्टन आणून ठेवले होते आणि शेवटी २५ वर सरकून घेतला तो जॅक्सन डार्ट. सँडर्सच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले आणि तो शनिवारी पाचव्या फेरीत १४४ वा गेला. २०२२ ला पहिल्या फेरीत एकटा केनी पिकेट गेला, २० वा, आणि मलिक विलिस थेट ८६ वर. म्हणजे मीडियात किती चर्चा आहे हे क्वार्टरबॅकच्या बाबतीत अजिबात धरायचं नाही. ज्याच्या नावावर निदान एक टीम बोट ठेवून दाखवता येत नाही, त्या क्वार्टरबॅकला पहिल्या फेरीच्या कागदावर जागा देऊ नका.

मोजमापं

फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे ड्राफ्टमधल्या खेळाडूंची एकत्र चाचणी, असतं, १९८७ पासून तिथेच. ४० यार्डांची धाव, उड्या, वळणं, २२५ पाउंडांचा बेंच प्रेस. टीव्हीवर सगळ्यांचं लक्ष ४० यार्डांवर, पण टीमसाठी तिथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपल्याला दिसतच नाही, ती म्हणजे डॉक्टरांची तपासणी. गुडघा, खांदा, पाठ याबद्दल एप्रिलमध्ये खात्रीच्या पत्रकाराकडून काही ऐकलं तर ते ४० यार्डांच्या आकड्यापेक्षा मोठं समजा आणि खेळाडू एक थर खाली आणा.

वेगाचा आकडा एकटा बघू नका. २०१७ ला जॉन रॉस ४.२२ सेकंदात धावला आणि नववा गेला, २०२४ ला झेव्हियर वर्दीने ४.२१ करून तो विक्रम मोडला आणि २८ वा गेला. वेग जवळपास तोच, पण वर्दी अंगाने खूप बारीक आणि त्या वर्षी रिसीव्हरची रांग लागलेली, सात जण पहिल्या फेरीत गेले.

आकडे कुठे कामाला येतात तर एज रशर आणि टॅकलमध्ये. २०२२ ला आमच्या मिशिगनच्या एडन हचिन्सनने शेवटच्या सीझनला १४ सॅक (क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच पाडणं) केले होते आणि जॉर्जियाच्या ट्रेव्हन वॉकरने ६, तरी जॅक्सनव्हिलने पहिला घेतला वॉकर. का? २७२ पाउंडांचा माणूस ४.५१ मध्ये धावला, हात लांबच लांब, आणि तिथल्या मॅनेजरला असे घडवता येतील असे देह आवडतात हे जुनं ठाऊक होतं. मी मनातून हचिन्सनच्या बाजूने होतो आणि कागदावरही त्यालाच लिहिलं, तेव्हा आपल्या कॉलेजच्या पोराबद्दलचं प्रेम कागदावर उतरू देऊ नका हे मनापासून सांगतोय.

टॅकलच्या हाताची लांबी ३३-३४ इंचांच्या खाली गेली की लोक लगेच "हा गार्ड होणार" म्हणून खाली ढकलतात. २०२५ ला विल कॅम्पबेलचा हात कंबाइनमध्ये ३२ आणि ५/८ इंच भरला, महिनाभर त्यावरच चर्चा, आणि न्यू इंग्लंडने चौथ्या नंबरवर त्याला टॅकल म्हणूनच घेतलं. त्यांच्याकडे ड्रेक मे हा दुसऱ्या वर्षाचा क्वार्टरबॅक होता आणि डावी बाजू उघडी होती, म्हणजे गरज मोजपट्टीपेक्षा मोठी ठरली.

भेटीगाठी आणि पुड्या

प्रत्येक टीमला ३० खेळाडूंना आपल्या आवारात बोलावता येतं. ही यादी हळूहळू बाहेर येते, ती लिहून ठेवा, पण भेट झाली म्हणजे घेतलंच असं नाही, कधी फक्त दुखापत किंवा वागणुकीबद्दलची शंका फेडायला बोलावतात. मॅनेजर आणि हेड कोच दोघंही स्वतः उठून एखाद्या कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजमध्येच होणारी चाचणी) गेले तर त्याला मी जास्त वजन देतो.

एप्रिल लागला की पुड्या सोडायला सुरुवात होते. प्रत्येक बातमीला एकच प्रश्न विचारा, ही पसरून फायदा कोणाचा? एजंटचा, की मागे सरकू पाहणाऱ्या टीमचा? २०२३ ला ड्राफ्टच्या आठवड्यात एका निनावी पोस्टमध्ये आलं की विल लेव्हिस घरच्यांना सांगतोय, कॅरोलायना मला पहिला घेणार. एवढ्यावर सट्टाबाजारात त्याचा भाव धडाधड बदलला आणि भाव बदलला म्हणून लोकांनी कागद बदलले. कॅरोलायनाने घेतला ब्राइस यंग, आणि लेव्हिस पूर्ण पहिली फेरी ड्राफ्टच्या ठिकाणी कॅमेऱ्यांसमोर बसून राहिला, दुसऱ्या दिवशी ३३ वा गेला. तेव्हा भावाकडे बघायचं तर फक्त पहिल्या तीन-चार पिकसाठी, आणि भाव कोणत्या बातमीमुळे हलला ते शोधून मगच. पैसे लावायच्या भानगडीत पडू नका, मी कधी लावले नाहीत.

ट्रेड

कागदावर ट्रेड किती मांडायचे? माझं उत्तर, दोन, फार तर तीन. खऱ्या फेरीत जास्त होतात, पण तुमचा एक ट्रेड चुकला की त्याच्यामागचे चार पिक हलतात.

हिशोबासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसच्या ऑफिसात बनलेला पॉइंटचा तक्ता अजून कामाला येतो: पहिला पिक ३०००, दुसरा २६००, पाचवा १७००, दहावा १३००, बत्तिसावा ५९०. टीम आता स्वतःचे वेगळे तक्ते वापरतात, तरी अंदाजाला हा पुरतो. २०२५ ला जॅक्सनव्हिल ५ वरून २ वर गेलं ट्रॅव्हिस हंटरसाठी. फरक ९०० चा. त्यांनी ३६ वा पिक दिला, तो ५४० चा. उरले ३६०, आणि तिथे चौथ्या फेरीच्या वगैरे किरकोळ पिकने भागलं नाही, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक द्यावा लागला. वर जाणारा बहुतेक वेळा जास्तच मोजतो, कारण गरज त्याची असते.

ट्रेडच्या दोन जागा पक्क्या धरा. एक, क्वार्टरबॅक हवा असलेल्या टीमच्या आधीच्या नंबरवर दुसरी तशीच टीम असेल तर मागची टीम तिच्या पुढे सरकते. दुसरी, पहिल्या फेरीचं शेवटचं टोक. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार टीमला पाचव्या वर्षापर्यंत वाढवता येतो, दुसऱ्या फेरीतल्याचा नाही, म्हणून दुसऱ्या फेरीतल्या टीम ३१-३२ वर चढतात. २०१८ ला बाल्टिमोरने ५२ वरून चढून लमार जॅक्सनला असंच ३२ वर घेतलं, आणि २०२४ ला कॅरोलायनाने ३३ वरून एकच पायरी चढून झेव्हियर लेगेटला.

आता कागद भरायचा

१ पासून ३२ पर्यंत सरळ भरत जाऊ नका, सगळे तसंच करतात आणि २० च्या आसपास थकून उरलेली नावं कोंबतात. आधी क्वार्टरबॅक त्यांच्या खुर्च्यांवर बसवा. मग ज्या जोड्यांबद्दल तुमची खात्री आहे, माझ्या चार-पाच असतात, त्या टाका. मग पहिल्या थरातलं कोणी सुटलंय का बघा, पहिल्या थरातला माणूस १५ च्या खाली उरला असेल तर कुठेतरी तुमची चूक आहे. मग मधल्या जागा, आणि शेवटी पोझिशन मोजा. टॅकल किती झाले, कॉर्नरबॅक किती. २०२४ ला पहिले सलग १४ पिक आक्रमणाचे होते, बचावाचा पहिला माणूस, लायातू लातू, १५ वा गेला, आणि ते आधी दिसू शकत होतं, कारण त्या वर्षी पहिल्या थरात बचावाचं जवळपास कोणी नव्हतंच. तरी बहुतेकांनी नववा-दहावा सवयीने एखाद्या एज रशरला दिला होता.

प्रत्येक नावासमोर एका ओळीत कारण लिहा. "चांगला खेळाडू आहे" हे कारण नाही. "उजवा टॅकल कच्चा, कोच लाईनवाला, रिसीव्हर नंतर मिळेल" हे कारण आहे. ड्राफ्टच्या आठवड्यात बुधवारी रात्री कागद बंद करा, गुरुवारी दुपारी येणाऱ्या बातम्यांवर फिरवाफिरवी केलेली मला एकदाच फायद्याची ठरली आणि तीन-चारदा नडली.

मार्क असे द्या: खेळाडू पहिल्या फेरीत गेला तर एक, टीमही बरोबर निघाली तर वर दोन. फेरीत कोण जाणार हे पंचवीस-सव्वीसपर्यंत जमायला फार वेळ लागत नाही, पण टीमसकट जोड्या जुळणं महाकठीण, माझ्या आठ-नऊ जुळल्या की ते वर्ष चांगलं गेलं असं मी धरतो. मार्क लिहून झाले की कारणांची ओळ वाचा आणि दोन रंगांनी खुणा करा, कारण बरोबर पण नाव चुकलं त्याला एक रंग, नाव बरोबर पण कारण चुकलं त्याला दुसरा. दुसऱ्या रंगाच्या जागा नशिबाने मिळालेल्या असतात, त्या पुढच्या वर्षीच्या हिशोबात धरू नका. पहिल्या रंगाच्या जागा त्या त्या टीमच्या अर्ध्या पानावर उतरवून ठेवा, कारण मॅनेजर आणि कोच तेच राहिले तर पुढच्या मार्चमध्ये तेच पान उघडून बसायचंय.